घरचं रक्त

भरतेश रक्तपेढीच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा डावा हात कोपरात मुडपलेला होता आणि खोबणीत कापसाचा बोळा दाबलेला होता. चेहरा मात्र पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा.

"झालं की अक्का. मुंगी चावल्यागत वाटलं. तूच उगं घाबरवलंस."

मी हळूच विचारलं, "आणि ऑम्लेट? तेही गेलं का पिशवीत?"

त्यानं झटकन मामांकडे बघितलं. मामा समोरच्या बाकावर डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होते. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"गप गं," तो पुटपुटला. "आईचं ऑपरेशन ठरल्यापासून शिवलो नाही. बस्तीत जाऊन देवाचे पाय धरून आलोय."

आम्ही जयसिंगपूरचे जैन. घरात कांदा-लसूणही येत नसे. भरतेशचं सरकी पेंडीचं दुकान होतं. माल बघायला सांगलीला आला की तो स्टँडजवळच्या गाडीवर ऑम्लेट खायचा. मी तिथल्या कॉलेजात मराठी शिकवत होते; एकदा त्याला गाडीवर पकडलं आणि तेव्हापासून ते गुपित चिमटा काढायला वापरत होते. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. वडील आमच्या शाळेच्या वयातच गेलेले. पुस्तकं माझ्या आणि आईच्या वाट्याला आली, दुकान त्याच्या.

आईला लहानपणी सांधेतापानं गाठलं होतं. ताप गेला, पण हृदयातली एक झडप आखडून ठेवून गेला. आम्हाला कळायला लागल्यापासून आई उशांना टेकून, बसूनच झोपायची. पन्नाशीत जिना चढणं थांबलं, मग स्वयंपाकघरातून अंगणात येणंही. पुण्याच्या डॉक्टरांनी झडप बदलायची ठरवली आणि रक्ताची सोय करायला सांगितलं. ताजं रक्त असेल तर बरं, असं म्हणाले. त्या काळात सगळेच तसं म्हणत. मामांना तर तेच हवं होतं. बाहेरचं रक्त त्यांना चालणार नव्हतं. कुणाचं असेल, काय खाणारा-पिणारा असेल, बाईनं जन्मभर सूर्य मावळल्यावर पाण्याखेरीज काही घेतलं नाही, तिच्या अंगात ते कशाला. मामांचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला, पण माझ्या बोटातला थेंब निळ्या पाण्यात सोडला तर तो खाली जाईना, वरच तरंगत राहिला. रक्त पातळ आहे म्हणून नर्सनं मला परत पाठवलं. राहिला भरतेश. त्याचा थेंब दगडासारखा तळाशी गेला.

ऑपरेशन उत्तम झालं. आई शुद्धीवर आली, नळ्या निघाल्या, आणि बोलण्याइतकी ताकद येताच तिनं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"नऊ महिने मी त्याला पोसलं, आता त्यानं मला. माझंच मला परत आलं बघा."

भरतेश लाजून खिडकीकडे जायचा. मी म्हटलं, मलाही नऊ महिनेच पोसलं होतंस की. आई म्हणाली, "तू तेव्हापासूनच पातळ."

घरी आल्यावर पहिल्या दुपारी मी खोलीत डोकावले आणि दचकले. आई उताणी झोपली होती. एका उशीवर, हात पोटावर ठेवून, श्वास संथ. मी तिला तसं झोपलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे जवळ जाऊन छाती हलते का बघितलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "जिवंत आहे. जा, वाच जा काहीतरी."

आईच्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस होते असं मला वाटतं. शेजारणी यायच्या. गप्पा फिरून फिरून लग्नावर यायच्या, कारण आईचं लग्न म्हणजे आमच्याकडचा नेहमीचा विनोद होता. आईनं आतेभावाशी लग्न केलेलं. "सासरी गेलेच कुठं?" ती म्हणायची. "आत्याच्या घरी खेळायला गेले होते, ती परत आलेच नाही." आमच्या भागात अशी लग्नं घरोघरी आहेत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मग एके दिवशी तिला ताप भरला.

तळहात लाल झाले. मेंदी उतरल्यावर राहते तशी लाली. मग कानांच्या मागे, मग मानेवर. गावातले डॉक्टर म्हणाले, कुठलं तरी औषध सोसलं नाही. औषधं बंद केली. लाली छातीवर उतरली, टाक्यांच्या व्रणाला वळसा घालून पोटावर गेली. तोंड आतून सोललं. पाणी गिळताना ती डोळे घट्ट मिटायची. जुलाब सुरू झाले ते थांबेनात. डोळे पिवळे झाले. भरतेशनं भाड्याची गाडी आणली, मागची सीट गोधड्यांनी भरली, आणि आम्ही तिला परत पुण्याला नेलं. वाटेत आई फक्त एकदा बोलली. कराडच्या जरा पुढं. "मला अंगावरनं कुणीतरी सोलतंय," ती म्हणाली.

तिथले सर्जन रोज यायचे, छातीला स्टेथोस्कोप लावायचे आणि म्हणायचे, हृदय छान चाललंय. रोज ते वाक्य थोडं हळू म्हणायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरत होत्या. लाल पेशीही, आणि रक्त गोठवणाऱ्याही. हिरड्यांतून रक्त झिरपू लागलं. जंतू सापडत नव्हता, विषाणू सापडत नव्हता. कातडीचे पापुद्रे चादरीवर पडायचे, मी ते ओंजळीत गोळा करायचे. टाकवायचे नाहीत म्हणून नॅपकिनमध्ये बांधून उशाशी ठेवायचे, मग नर्स येऊन ते घेऊन जायची.

शेवटी रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर आल्या. डॉ. ओगले. उंच, पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आईच्या तळहाताकडे बराच वेळ पाहिलं आणि मग मला दोनच गोष्टी विचारल्या. ऑपरेशनच्या वेळी रक्त कुणाचं दिलं. आणि आईवडिलांचं लग्न नात्यातलं होतं का. मला दुसऱ्या प्रश्नाचं नवल वाटलं. मी आईचाच विनोद त्यांना सांगितला. त्या हसल्या नाहीत. आईच्या कातडीचा तुकडा आणि रक्त त्यांनी मुंबईला पाठवलं. माझं आणि भरतेशचंही रक्त घेतलं. जुळवून बघायला, एवढंच म्हणाल्या.

भरतेश तेव्हा हॉस्पिटलसमोरच्या धर्मशाळेत राहत होता. दाढी वाढली होती. त्यानं मीठ सोडलं होतं, मग दूध, मग एक वेळचं जेवण. आई दुखण्यात असताना आपण काहीतरी कमी करत राहिलं की तिचं काहीतरी वाढेल, असा त्याचा विचार असावा. मी त्याला रागावले नाही. मी स्वतः वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन न कळणारी पुस्तकं चाळत बसत होते. ते काही याहून वेगळं नव्हतं.

अहवाल आला त्या दुपारी डॉ. ओगल्यांनी मला एकटीला बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुमच्या आईच्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी उरल्या आहेत," त्या म्हणाल्या, "त्या तुमच्या आईच्या नाहीत. त्या पुरुषाच्या आहेत."

मला वाटलं नमुने बदलले असतील. मी तसं म्हणाले.

"मलाही आधी तसं वाटलं होतं. दोनदा तपासून घेतलं. त्या तुमच्या भावाच्या आहेत."

खिडकीखाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. डॉक्टर सावकाश सांगत गेल्या. रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. शरीराच्या राखणदार. लहानपणी छातीत, हृदयाच्या जरा वर, एक ग्रंथी असते. तिथं त्यांची शाळा भरते. आपलं कोणतं आणि परकं कोणतं, एवढंच तिथं शिकवतात. ज्यांना ते जमत नाही त्या पेशी तिथंच मारल्या जातात, आणि बहुतेक सगळ्या मारल्याच जातात. थोड्या पास होऊन बाहेर पडतात आणि जन्मभर पहारा करतात. रक्त देताना अशा काही पेशी पिशवीतून जातातच. एरवी घेणाऱ्याचं शरीर त्यांना परक्या म्हणून ओळखतं आणि मारून टाकतं. कुणाला पत्ताही लागत नाही.

"मग आईच्या शरीरानं का नाही मारल्या?"

"त्यांच्यावर परकी खूण नव्हती म्हणून."

प्रत्येक माणसाच्या पेशींवर दोन खुणा असतात, त्यांनी सांगितलं. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आईवर एक खूण तिच्या वडिलांची, दुसरी तिच्या आईची. आमचे वडील म्हणजे तिच्या आत्याचा मुलगा. त्यामुळे आजोबांच्या घरची तीच खूण त्यांच्याकडेही होती. भरतेशला ती आईकडूनही मिळाली आणि वडिलांकडूनही. दोन्ही बाजूंनी एकच.

"तुमच्या आईच्या शरीराला तो पूर्ण आपला वाटला. शरीरानं दार उघडलं. आत गेलेल्या पेशींना मात्र तुमच्या आईच्या अंगावर एक खूण अशी दिसली, जी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मग जे त्यांना शिकवलं होतं ते त्यांनी केलं."

ती खूण आईच्या आईची. ती आजी आई तान्ही असतानाच वारली. घरात तिचा फोटोही नव्हता.

"म्हणजे भरतेशच्या रक्तात दोष होता?"

"नाही. उत्तम रक्त आहे त्याचं. कुणाही परक्या माणसाला चाललं असतं. दोष कुणाचाच नाही. त्या वेळी हा विचार कुणी केला नाही, आम्हीही नाही." त्यांनी अहवालाचं पान उलटलं. "तुम्हाला वडिलांची दुसरी खूण मिळाली आहे. तुमच्या पेशी तुमच्या आईच्या शरीरानं ओळखल्या असत्या आणि दोन-चार दिवसांत संपवल्या असत्या."

मी विचारलं, आता काय करायचं. औषधं चालू आहेत, त्या म्हणाल्या. पण हाडातल्या मगजात रक्त तयार होतं आणि त्या पेशींनी तोच संपवत आणला होता. "यातून उठलेला पेशंट मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही विचारणार होता, म्हणून सांगते."

मी खरं तर विचारणार नव्हते.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. आईला रक्त द्यावं लागेल, ते अनोळखी माणसाचंच घ्यायचं आणि कॅन्सरच्या पेशंटना लाइट देतात त्या यंत्राखाली धरून मग द्यायचं, म्हणजे त्यातल्या अशा पेशी मरतात. दुसरी गोष्ट भरतेशबद्दल. त्यानं पुढं कधीही जवळच्या नात्यात रक्त देऊ नये. "हे त्याला सांगायला हवं. मी सांगू, की तुम्ही सांगाल?"

"मी बघते," मी म्हणाले.

बाहेर आले तर भरतेश जिन्याच्या तोंडाशी उभा होता. बाही आधीच वर दुमडलेली. नर्सनं त्याला सांगितलं होतं की रक्त लागणार आहे.

"चल अक्का, मी तयार आहे. आईपण म्हणाली आत्ताच. म्हणाली, भरतेशचं द्या, ते मला गुण देतं. तोंडातनं शब्द फुटत नाही तिच्या, पण एवढं म्हणाली."

"तुझं नको."

"का?"

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मग त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"अक्का, खरं सांग. ऑम्लेटमुळं झालं का? माझ्या रक्तात काही होतं का?"

त्या जिन्यावर माणसं चढत-उतरत होती. एक बाई डबा घेऊन आमच्यामधून गेली. भरतेशनं तिला वाट दिली आणि परत तिथंच उभा राहिला. त्याची दाढी, ती दुमडलेली बाही, कोपराच्या खोबणीतला जुन्या सुईचा बारीक ठिपका. मी एक शब्द बोलले असते तर तो माणूस तिथंच संपला असता, आणि आई अजून जिवंत होती. एका वेळी दोघांना धरायची माझ्यात ताकद नव्हती.

"खुळ्या," मी म्हणाले, "तुझ्या रक्तावरच ती इतके दिवस राहिली. नाहीतर टेबलावरच गेली असती."

"मग आता का नको?"

"कारण आता मला द्यायचंय."

"तुझं पातळ आहे. नर्स म्हणाली होती."

"गोळ्या घेतल्यात मी. सगळं तूच करणार का रे? अग्नी तू द्यायचा, दुकान तुझं, आईच्या तोंडी नाव तुझं. मी कोण आहे या घरात? पाहुणी?"

हे इतक्या सहज बाहेर आलं, की मलाच भीती वाटली. भरतेशनं बाही खाली घेतली. कफाचं बटण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना.

"आत्ता असलं बोलायची वेळ आहे?" तो एवढंच म्हणाला.

"हो. आत्ताच."

मी रक्तपेढीच्या खोलीत गेले. भरतेश बाहेर बाकावर बसला. नर्सनं बोटाला सुई टोचली, थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो तरंगला. नर्स म्हणाली, ताई, तुमचं नाही घेता येणार, आणि डॉक्टरांनी तसंही बाहेरच्या माणसाचं मागवलंय. मी तिला म्हणाले, मला इथं जरा वेळ बसू दे. आणि एक कापसाचा बोळा दे.

तिनं बोळा दिला. मी पलंगावर पुरेसा वेळ बसून राहिले, मग तो कोपरात ठेवला, हात मुडपला आणि बाहेर आले. भरतेश उठला नाही.

कुणा अनोळखी माणसाचं रक्त यंत्राखालून आलं आणि आईला चढलं. भरतेश खाटेच्या पायथ्याशी उभा राहून थेंब बघत होता. आईनं डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. तिला वाटलं ते त्याचंच आहे. तिची मान जराशी हलली. ते समाधान होतं, एवढं मला दिसलं. त्यालाही दिसलं, आणि तो खोलीबाहेर निघून गेला.

त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. शेवटी तिच्या कानाशी णमोकार मामांनी म्हटला. ती गेल्यावर छातीवरची चादर नीट करताना मला तो व्रण दिसला. एकसारखा, सरळ, पूर्ण भरून आलेला.

भरतेशला मी काही सांगितलं नाही. डॉ. ओगल्यांनी बजावलेलं मात्र पाळलं. मामांचं ऑपरेशन झालं, भरतेशच्या बायकोचं बाळंतपण अडलं, त्याच्या मुलाला अपघात झाला. प्रत्येक वेळी तो पोचायच्या आत मी बाहेरच्या रक्ताची सोय करून ठेवली. त्याला वाटतं, मला त्याचा हेवा आहे. बायकोला तो म्हणतो, अक्का मला कुणासाठी काही करू देत नाही. माझ्या तोंडावरही म्हणतो, सणावाराला, पानावर बसल्यावर, हसत. "माझं रक्त होतं तोवर आई उठून बसत होती. अक्काचं दिलं आणि गेली. अक्काच म्हणाली होती, तुझ्या रक्तावर राहिली म्हणून. विचारा तिला." आणि सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हणते, हो, म्हणाले होते.

आईच्या नावानं तो दरवर्षी दुकानासमोर मांडव घालून रक्तदानाचं शिबिर घेतो. स्वतः पहिला झोपतो. त्याचं रक्त कुणाकुणाला गेलं असेल, कितीजण उठून घरी गेले असतील. परक्यांना ते चालतं.

गेल्या शिबिराला मी गेले होते. पेंडीचा वास, लाउडस्पीकर, ओळीनं मांडलेल्या खाटा. रक्तपेढीची डॉक्टर तरुण होती, बोलकी. भरतेशनं तिलाही आईची गोष्ट सांगितली. पोरीनं कौतुकानं ऐकली आणि म्हणाली, "पण काका, आता आम्ही सख्ख्या नात्यातलं रक्त असं देत नाही हं. मुद्दाम टाळतो."

"का बरं?" भरतेश म्हणाला. "घरच्यापेक्षा चांगलं कुणाचं असणार?"

तिनं सांगायला तोंड उघडलं.

"डॉक्टर," मी मध्येच म्हणाले आणि जवळच्या खाटेवर बसून बाही वर केली, "आधी माझं घ्या. मला सांगलीची गाडी गाठायचीय."

"तिचं नका घेऊ," भरतेश हसत म्हणाला. "तिचं लागत नाही कुणाला."

मुलीनं माझ्या बोटाला सुई टोचली. त्यांच्याकडे अजून ते निळं पाणी होतं. थेंब क्षणभर वर राहिला, मग सावकाश तळाशी गेला. मी आडवी झाले. भरतेश शेजारी स्टूल ओढून बसला आणि पिशवी भरेपर्यंत गावातल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगत राहिला. सुई निघाली तेव्हा त्यानं डॉक्टरच्या हातातून कापूस घेतला, माझ्या कोपरात ठेवला आणि माझा हात स्वतः मुडपला.

"घट्ट धर," तो म्हणाला. "त्या काय सांगत होत्या गं? घरच्या रक्ताचं?"

"काही नाही. त्यांच्याकडचे नियम."

"नियम," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला सरबत द्यायला उठला.

मी बोळा घट्ट धरून बसले. थोड्या वेळानं तो ओलसर लागला. काढून बघितला. मध्यभागी लाल ठिपका होता.